अवघड विषय की मंद विद्यार्थी?

बीड जिल्ह्यातला नारायणगड हा नगद नारायण महाराजांचा गड. वारकरी त्याला ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. अशा गडांवर, मठांवर शिकण्याची एक जुनी रीत आहे. अभंगाची चाल, टाळाचा ठेका, हरिपाठाचे पाठांतर यांतले बरेचसे नवा मुलगा आपल्याआधी दोन वर्षे आलेल्या मुलाकडून गिरवतो. चाल लवकर बसली नाही तर चाल अवघड आहे असे म्हणतात, मुलाला नाव ठेवत नाहीत. आपल्या महाविद्यालयांनी नेमके उलटे केले. तिथे विषय सोवळ्यात राहिला आणि बोल लागला तो मुलाला. हे कसे घडले, याचा थोडा माग घेण्यासारखा आहे.

पंतोजींच्या शाळेत एकच शिक्षक आणि निरनिराळ्या पायरीवरची मुले. साहजिकच वरची मुले खालच्यांकडून उजळणी घोकून घेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्रीने मद्रासजवळ देशी शाळेतली मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहिली. आपल्या अनाथाश्रमातल्या शाळेत त्याने तो प्रकार सुरू केला, मुलांकडूनच मुलांना शिकवून घेतले आणि १७९७ मध्ये लंडनमध्ये त्यावर पुस्तक छापले. पुढे बेल आणि लँकेस्टर यांच्या नावांनी ही पद्धत जगभर गेली आणि १८२० नंतर मुंबईच्या नव्या शाळांतही आली. घरचेच धान्य विलायतेला दळून परत आले म्हणायचे.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. १८५९ च्या पहिल्या मॅट्रिकला १३२ जण बसले आणि २२ उत्तीर्ण झाले. त्यांत न्या. रानडे आणि रा. गो. भांडारकर होते. हे दोघेही ‘दक्षिणा फेलो’ होते. पेशव्यांच्या काळापासून चालत आलेल्या दक्षिणेच्या पैशातून या फेलोंना वेतन मिळे आणि ते स्वतः शिकत असतानाच खालच्या वर्गांना शिकवीत. वरच्या विद्यार्थ्याने खालच्याला शिकवायचे आणि त्याचा मोबदला घ्यायचा, ही व्यवस्था आपल्या पहिल्या पदवीधरांच्या पिढीतच होती, हे आपण साफ विसरलो. अर्थात तिचा लाभ कोणत्या घरांतल्या मुलांना झाला, हे वेगळे सांगायला नको.

मराठवाड्याची गोष्ट याहून बिकट. सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दूतून उच्च शिक्षण देण्याचे मोठे धाडस केले. त्यासाठी भाषांतरांचे स्वतंत्र खाते उघडले, पारिभाषिक शब्द घडवले. देशी भाषेतून विज्ञान शिकवता येते हे सिद्ध झाले, पण ती भाषा बीडच्या शेतकऱ्याच्या पोराची नव्हती. निजामाचे राज्य गेले आणि उर्दूच्या जागी इंग्रजी आली. १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले, पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले. नागसेनाला प्रश्नांवर प्रश्न विचारणारा तो राजा. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले. घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारी पोरे वसतिगृहांत जमली. उर्दूला सरकारी भाषांतर खाते मिळाले होते. या पोरांच्या मराठीला मिळाला तो फक्त खोलीतला जोडीदार. ‘हे काय म्हणतंय, ते सांग की’ असे विचारायला तोच जवळचा.

अमेरिकेत १९७३ मध्ये कॅन्सस सिटीच्या मिसुरी विद्यापीठात डिॲना मार्टिन यांनी याच गोष्टीला व्यवस्थेचे रूप दिले. त्यांनी कच्चे विद्यार्थी शोधले नाहीत, ज्यांत बरेच जण नापास होतात किंवा मध्येच सोडून देतात असे विषय शोधले. तो विषय चांगल्या गुणांनी पार केलेला विद्यार्थी पुन्हा त्याच वर्गात बसतो, टिपणे घेतो आणि आठवड्यातून दोन-तीनदा सर्वांसाठी खुली बैठक घेतो. तो व्याख्यान देत नाही, गुण देत नाही. प्रश्न आला की तो दुसऱ्याकडे वळवतो. त्याच दशकात बर्कलीला युरी ट्रीसमन यांना दिसले, की कलनात मागे पडणारे कृष्णवर्णीय विद्यार्थी मेहनत कमी करत नव्हते, ते एकेकटे अभ्यास करत होते. चिनी वंशाची मुले मात्र एकत्र बसून एकमेकांची उदाहरणे तपासत. बैठकांना येणाऱ्यांचे गुण बरे असतात, यातला काही वाटा मुळात उत्साही मुलेच येतात याचा असणार. ही शंका रास्त आहे. पण बैठक सर्वांसाठी खुली असल्यामुळे तिथे जाण्यात कमीपणा वाटत नाही, हे मला अधिक मोलाचे वाटते.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने उपचारात्मक वर्गांसाठी पैसा दिला तो अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक अशा गटांच्या नावे. हेतू चांगलाच होता. पण त्या वर्गात जाऊन बसणे म्हणजे कपाळावर चिठ्ठी लावून बसणे. नॅकच्या अहवालांनी ‘स्लो लर्नर’ हा शब्द प्राध्यापकांच्या तोंडी रुळवला. गणित कोणत्या भाषेत शिकवले, हा प्रश्न त्या रकान्यात बसत नाही.

आणि बीडमध्ये तर कॅलेंडरही विद्यार्थ्याच्या विरोधात असते. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचे गाळप सुरू होते. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. हंगामी वसतिगृहे आहेत ती शाळकरी मुलांसाठी. मागे राहिलेल्या कॉलेजच्या मुलाकडे म्हातारी माणसे, लहान भावंडे आणि जनावरे येतात. त्याचे तास बुडतात आणि वर्षाअखेर तो ‘मंद’ ठरतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना आज विद्यापीठांत योजना म्हणून चालते. मुले ग्रंथालयात पुस्तके लावतात, बागेला पाणी घालतात आणि तासावर पैसे मिळवतात. त्यांतलेच काही तास दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना अशा बैठका घेण्यासाठी देता येतील. वेळ मात्र जपून ठरवावी लागेल. अमेरिकेतल्या बैठका संध्याकाळी, विद्यापीठाच्या आवारातच राहणाऱ्यांसाठी भरू शकतात. नारायणगडाच्या आसपासच्या खेड्यांतून पासवर येणाऱ्या मुलाला परतीची एसटी गाठायची असते, तेव्हा बैठक दुपारीच हवी. आणि ती घेणारा मुलगा कोयत्यावरच्या घरातला असेल तर बरे. कोणते तास बुडाले असतील, ते त्याला विचारावे लागणार नाही.