रस्त्यावरील विसांवा

देशाटनाचें माहात्म्य आपल्याकडे फार जुनें आहे. प्रवासानें चातुर्य येतें, ज्ञान वाढतें, पुण्य पदरीं पडतें, असें आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलों. परंतु घराबाहेर पडणारा प्रत्येक मनुष्य चातुर्याच्या किंवा पुण्याच्या शोधांत निघतो असें नाहीं. कांहीं जण केवळ घरीं चित्त लागेना म्हणून निघतात. दुखण्यांतून उठलेला, आप्ताच्या मृत्यूनें खचलेला किंवा पुढील आयुष्याचें काय करावें हें न उमगलेला मनुष्य गाडींत बसतो, तेव्हां त्याला कोठें पोंचावयाचें नसतें. स्वतःपासून चार पावलें दूर जावयाचें असतें. आणि त्याचा नेहमींचा अनुभव असा कीं, गांव बदलतें, भाषा बदलते, पण उशाशीं घेतलेली चिंता तीच राहते. मग प्रवासांत सांत्वन मिळतें तें कशानें? विसाव्या शतकानें या जुन्या प्रश्नास एक नवें उत्तर दिलें. लहानसा कॅमेरा घेऊन परक्या शहराच्या रस्त्यांतून हिंडणें, हें तें उत्तर होय. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ याच्या चरित्रांत त्याचें बळ आणि त्याची मर्यादा हीं दोन्हीं स्पष्ट दिसतात.

प्रथम साधनाविषयीं. हातांत धरावयाचे छोटे कॅमेरे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच निघाले होते. परंतु चोख कामासाठीं लोक कांचेच्या प्लेटांची जड पेटी आणि तिपाई यांवरच विसंबत. जर्मनींतील वेट्झ्लार येथें लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यांत ओस्कार बार्नाक नांवाचा एक कारागीर होता. त्याला हिंडून छायाचित्रें काढण्याची हौस होती, पण दम्याच्या विकारामुळें तें ओझें वाहवेना. त्यानें चलच्चित्रांची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म घेऊन १९१३-१४ च्या सुमारास एक चिमुकला कॅमेरा तयार केला. मध्यंतरीं महायुद्ध झालें, आणि १९२५ सालीं लाइप्झिगच्या जत्रेंत तो ‘लायका’ या नांवानें लोकांपुढें आला. एका गुंडाळींत ३६ चित्रें, आणि प्रत्येक चित्राची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटर. रस्त्यावरील छायाचित्रणाला ज्यानें पाय दिले तें हें यंत्र एका आजारी मनुष्याच्या गरजेंतून जन्मलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

कार्तिए-ब्रेसाँ १९०८ सालीं सुताचे दोरे बनविणाऱ्या एका सधन घराण्यांत जन्मला. वडिलोपार्जित धंद्यांत त्याचें मन रमेना. आंद्रे लोत या चित्रकारापाशीं तो चित्रकला शिकला, पण आपल्या चित्रांनीं त्याचें समाधान होईना. लष्करांतील सक्तीची नोकरी आटोपल्यावर तो पश्चिम आफ्रिकेंतील आयव्हरी कोस्ट या तत्कालीन फ्रेंच वसाहतींत गेला आणि शिकारीवर गुजराण करूं लागला. तेथें त्याला हिंवतापाच्या एका प्राणघातक प्रकारानें गांठलें. आपण आतां वांचत नाहीं अशा समजुतीनें त्यानें आजोबांस लिहून कळविलें कीं, मला नॉर्मंडींत एका अरण्याच्या कडेला पुरावें आणि त्या वेळीं दब्युसीचें तंतुवाद्यांचें संगीत वाजवावें. घरून एका वडीलधाऱ्या आप्ताचें उत्तर आलें तें असें: आजोबांस हा सारा खर्च फार वाटतो, तूं आधीं परत आलास तर बरें! उत्तरांत विनोद आहे. पण परदेशीं मरणाची वाट पाहत पडलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या तरुणाची अवस्था त्या विनोदाआडूनहि दिसते.

तो वांचला आणि फ्रान्सला परतला. त्या सुमारास मार्टिन मुंकाची या हंगेरियन छायाचित्रकाराचें एक चित्र त्याच्या पाहण्यांत आलें. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तीन मुलें पाठमोरीं, उघडीं, लाटांकडे धांवत आहेत. त्यांचीं अंगें पाण्याच्या शुभ्र फेंसावर काळीं उमटलीं आहेत. बस्स, एवढेंच. परंतु ज्या खंडांत आपण मरणाच्या दारांत पडलों होतों त्याच खंडांतला हा बेभान आनंद, आणि तो कॅमेऱ्याला पकडतां आला! याच चित्रानें आपणांस पेटविलें, असें त्यानें पुढें वारंवार सांगितलें. १९३२ सालीं मार्सेय बंदरांत त्यानें लायका विकत घेतला आणि तो रस्त्यावर आला.

या साधनांत असें काय आहे कीं, त्यानें खचलेलें मन सांवरावें? दुःखी मनुष्याचें चित्त बहुधा दोनच ठिकाणीं वस्ती करतें: घडून गेलेल्या गोष्टींत, नाहींतर घडेल या भीतींत. रस्त्यावर कॅमेरा घेऊन उभा असलेल्या मनुष्यास या दोन्हीं ठिकाणीं राहून चालत नाहीं. जिन्यावरून उतरणारी बाई, वळणावरून येणारी सायकल, भिंतीवर सरकणारी सांवली, हीं सारीं क्षणभर एका रचनेंत बसतात आणि विसकटतात. त्या क्षणीं जो स्वतःच्या विचारांत गुंतला त्याचें चित्र गेलें. शिवाय फिल्मचा स्वभावच असा कीं, ती घाई सोसत नाहीं. चित्रें मोजकीं, म्हणून वाट पाहणें आलें. काढलेलें चित्र तत्काळ दिसत नाहीं, म्हणून यशाचा गर्व नाहीं आणि चुकल्याची हळहळहि नाहीं. कळ दाबली कीं पुढें चालावयाचें. ब्राक या चित्रकारानें पुढें त्याला जपानी धनुर्विद्येवरील एक छोटें पुस्तक दिलें. धनुर्धारी स्वतःस विसरतो तेव्हांच बाण नीट सुटतो, हें त्यांतलें तत्त्व त्याला आपल्याच धंद्याचें वाटलें यांत नवल नाहीं.

१९३३ सालीं तो स्पेनमध्यें होता. सेव्हिल येथील त्याचें एक चित्र प्रसिद्ध आहे. पडक्या भिंतीच्या भगदाडांतून दगडविटांचा ढिगारा दिसतो, त्यांत पोरें खेळत आहेत, आणि कुबड्या घेतलेला एक मुलगा हंसत पुढें येत आहे. पाहणाऱ्यांपैकीं पुष्कळांस हें स्पेनच्या यादवी युद्धाचें चित्र वाटतें. वस्तुतः तें युद्ध १९३६ सालीं पेटलें. पडझड दिसली कीं आपण शोकाची अपेक्षा करतों, आणि येथें तर खेळ चालला आहे! पुढल्या वर्षीं एका संशोधक मंडळीबरोबर तो मेक्सिकोस गेला. मोहिमेचा पैसा संपला, तरी तो तेथेंच सुमारें वर्षभर राहिला आणि गोरगरिबांच्या वस्त्यांतून चित्रें काढीत हिंडला.

येथें एक आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळण्याजोगा नाहीं. आपल्या मनाच्या विसांव्यासाठीं परक्याचें तोंड, परक्याचें दारिद्र्य, त्याची परवानगी न घेतां टिपण्याचा अधिकार या वाटसरूस दिला कोणीं? कार्तिए-ब्रेसाँला हें कळत होतें असें दिसतें. १९५२ सालीं निघालेल्या त्याच्या ग्रंथाचें फ्रेंच नांव ‘इमाज आ ला सोव्हेत’ असें आहे. परवाना नसलेला फेरीवाला पथारी मांडून विकतो आणि शिपाई दिसतांच ती गुंडाळून पळतो, त्याच्या त्या चोरट्या घाईसाठीं फ्रेंच भाषेंत हा शब्दप्रयोग वापरतात. इंग्रजी आवृत्तीनें ‘निर्णायक क्षण’ या अर्थाचें भारदस्त नांव घेतलें, आणि जगांत तेंच रूढ झालें. पण मूळ नांवांत अधिक नम्रता आहे. तो दिपवणारा दिवा वापरीत नसे, माणसांस उभें करून सोंग घ्यावयास लावीत नसे, आणि कॅमेऱ्याचा चकचकीत भाग काळ्या पट्टीनें झांकून ठेवी. एवढ्यानें आक्षेप पुरता फिटत नाहीं. घेतलेल्या सांत्वनाचें ऋण शिल्लक राहतेंच, आणि तें फेडण्याची वेळहि येते.

ती वेळ येण्यापूर्वीं त्याला स्वतःस पुन्हां एकदां सारें गमवावें लागलें. १९४० च्या जूनमध्यें तो जर्मनांच्या कैदेंत सांपडला. दोन वेळां पळण्याचा प्रयत्न फसला. १९४३ सालीं तिसरा साधला. व्होज प्रांतांत जमिनींत पुरून ठेवलेला लायका त्यानें उकरून काढला. तिकडे न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानें तो मेला असें समजून त्याच्या चित्रांचें स्मृतिप्रदर्शन योजिलें होतें. तें १९४७ सालीं भरलें, तेव्हां हा ‘मृत’ मनुष्य स्वतः हजर होता!

त्याच वर्षाच्या अखेरीस तो हिंदुस्थानांत आला. फाळणीनें उखडलेलीं माणसें कुरुक्षेत्राच्या छावणींत लाखोंच्या संख्येनें पडलीं होतीं. तेथें त्यानें टिपलेलें एक दृश्य असें: तंबूंच्या पार्श्वभूमीवर निर्वासित हात उंचावून कवायत करीत आहेत, मरगळ आणि निराशा झटकण्यासाठीं. ३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लीस बिर्ला भवनांत तो गांधीजींस भेटला आणि त्यांस न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाची चित्रपुस्तिका दाखविली. कवी पोल क्लोदेल प्रेतवाहक गाडीकडे पाहत आहेत, या चित्रापाशीं गांधीजी थांबले, त्याचा अर्थ विचारला आणि ‘मृत्यू’ हा शब्द त्यांनीं तीनदां उच्चारला, असें त्यानें पुढें सांगितलें. त्यानंतर थोड्याच वेळानें प्रार्थनेस जातांना गांधीजींची हत्या झाली.

त्या रात्रीं बिर्ला भवनाच्या फाटकापाशीं जवाहरलाल नेहरू लोकांस ती वार्ता सांगत असतांना त्यानें काढलेलें चित्र अंधुक आहे. पुढें अंत्ययात्रेची गर्दी, चितेच्या पहिल्या ज्वाळा, अस्थि नेणाऱ्या आगगाडीकडे लोटलेले लोक, हें सर्व त्यानें त्या गर्दींत मिसळून टिपलें. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीं जो मनुष्य मरणांतून उठून आनंद शोधावयास रस्त्यावर आला, त्याच्यापुढें आतां रस्ताच शोक करीत होता. त्यानें पाठ फिरविली नाहीं. रस्त्यानें त्याला जें दिलें तें त्यानें येथें परत केलें असें आम्हांस वाटतें. कारण त्या दिवसांचा शोक पुढील पिढ्यांपर्यंत पोंचला तो बऱ्याच अंशीं या चित्रांवाटे.

उतारवयांत त्यानें कॅमेरा बहुतेक बाजूस ठेवला आणि तो पेन्सिलीकडे वळला. २००४ सालीं तो वारला. आज प्रत्येकाच्या हातांत फोन आहे आणि चित्र काढतांक्षणींच दिसतें; तरीहि अनेक तरुण प्रवासी मुद्दाम फिल्मचा कॅमेरा घेऊन निघतात. त्यांस केवळ जुन्याची हौस आहे असें म्हणून हिणवूं नये. अनोळखी माणसांकडे धीरानें पाहण्याची शिस्त त्यांस हवी असते. मात्र त्यांनीं एवढें ओळखावें कीं, रस्त्यावरील विसांवा दुःख विसरल्यानें मिळत नाहीं. आपलें दुःख घेऊनच मनुष्य तेथें जातो आणि तें वाहणारे इतर असंख्य लोक त्याला दिसतात. ही सोबत हाच तो विसांवा.