डोळे आले! कागलच्या पिवळ्या फडक्यापासून १९७१ च्या मुंबईपर्यंत (थ्रेड)

१/ पावसाळ्यात कागलच्या आमच्या गल्लीत कुणाचे डोळे लाल झाले की आजी बजावत असे, "त्येच्या डोळ्यांत बघू नगंस, तुझंबी डोळं येतील." घरात कुणाचे डोळे आलेच, तर हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेले पिवळे फडके निघे आणि त्या एकाच फडक्याने आम्हा सर्व भावंडांचे डोळे पुसले जात. नजरेला भिणारे आमचे घर फडक्यातून साथ वाढवत होते. या गैरसमजाला फार जुना इतिहास आहे. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ प्रथम रोगाची ओळख. पापण्यांची आतली बाजू आणि डोळ्याचा पांढरा भाग यांवर एक पातळ, पारदर्शक आवरण असते. त्यास नेत्रश्लेष्मला म्हणतात. तिचा दाह म्हणजे डोळे येणे. त्याचे मुख्य प्रकार तीन. विषाणूंमुळे येणारा : डोळ्यांतून पाणी वाहते, साथ वेगाने पसरते. जिवाणूंमुळे येणारा : घट्ट पिवळसर चिपडे येतात, सकाळी पापण्या चिकटतात. ॲलर्जीचा : खाज असह्य असते, परंतु तो एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही.

३/ आता इतिहास. सुश्रुतसंहितेत या रोगास 'अभिष्यंद' म्हटले असून वातज, पित्तज, कफज आणि रक्तज असे त्याचे चार प्रकार सांगितले आहेत. त्याहून महत्त्वाचा उल्लेख निदानस्थानात आढळतो. एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या रोगांत तेथे नेत्राभिष्यंदाची गणना केली आहे आणि कारणे दिली आहेत ती अंगस्पर्श, श्वास, सहभोजन, एकच अंथरूण, एकच आसन, दुसऱ्याची वस्त्रे, माळा व लेप यांची. या यादीत नजर नाही! सुश्रुतांना जंतू ठाऊक होते, असा याचा अर्थ नव्हे. परंतु निरीक्षण अचूक होते.

४/ १७९८ मध्ये नेपोलियनची फौज इजिप्तमध्ये उतरली आणि हजारो सैनिकांचे डोळे आले. पाठोपाठ इंग्रज सैनिकही या रोगाने ग्रासले. वाळू, प्रखर ऊन, रात्रीची हवा अशा अनेक गोष्टींवर दोष टाकण्यात आला. सैनिक मायदेशी परतले आणि रोग युरोपात पोहोचला. वाळू व ऊन तर मागेच राहिले होते! रोग माणसागणिक पसरतो, हे तेव्हा अनेक वैद्यांना पटू लागले. त्यात एक मोठा वाटा खुपरीचा होता, जी वारंवार झाल्यास अंधत्व येते. हीच खुपरी सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून हटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये जाहीर केले.

५/ १८८३ मध्ये रॉबर्ट कॉख पटकीच्या शोधार्थ इजिप्तला गेले. तेथे आलेल्या डोळ्यांच्या स्रावात त्यांना सूक्ष्म जिवाणू दिसले. पटकीचाच माग काढत ते पुढे कोलकात्यास आले, ही कथा सर्वश्रुत आहे. डोळ्यांची नोंद मात्र विस्मरणात गेली.

६/ १९६९ मध्ये घानात एक नवीच साथ उद्भवली. डोळ्यांत रक्त उतरून ते लालभडक होत. त्याच वर्षी मानव चंद्रावर उतरला होता, म्हणून लोकांनी तिला 'अपोलो ११' हे नाव दिले. १९७१ मध्ये ती भारतात फैलावली. तेव्हा बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे येत होते. बंगालमध्ये तिचे नाव पडले 'जय बांगला'. वस्तुतः ही साथ त्याआधीच आशियात शिरली होती. तरीही नाव चिकटले ते बेघर झालेल्यांना. कधी नजर, कधी परका माणूस : दोष देण्यास कोणीतरी लागतेच.

७/ याच साथीचा सर्वांत गंभीर अध्याय मुंबईत लिहिला गेला. डोळे बरे झालेल्या काही रुग्णांचे पाय काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी लुळे पडू लागले. लक्षणे पोलिओसारखी, परंतु रुग्ण बहुतांशी प्रौढ. जे. जे. रुग्णालयातील मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन घटनांतील दुवा ओळखला आणि १९७२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात तो जगापुढे मांडला. या साथीचा विषाणू, एन्टेरोव्हायरस ७०, हा पोलिओच्या विषाणूचा भाऊबंदच निघाला. अशी गुंतागुंत अत्यंत विरळ असली, तरी काहींचे अधूपण कायमचे राहिले. रुग्णाला 'यापूर्वी डोळे आले होते का?' असे विचारण्यातून वैद्यकाच्या इतिहासात एक पान वाढले.

८/ उपचारांचे काय? विषाणूजन्य प्रकार बहुधा एक-दोन आठवड्यांत आपोआप बरा होतो. थंड पाण्याच्या घड्यांनी आराम पडतो. प्रतिजैविकांचे थेंब जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाहीत. स्टेरॉइडचे थेंब दुकानातून परस्पर आणून घालणे धोक्याचे. तीव्र वेदना, उजेड सहन न होणे, अंधुक दिसणे, कॉन्टॅक्ट लेन्सचा वापर किंवा रुग्ण तान्हे बाळ असणे, यांपैकी काहीही असल्यास नेत्रतज्ज्ञ त्वरित गाठावा. हात वारंवार धुवावेत. टॉवेल, उशी, काजळ प्रत्येकाचे वेगळे असावे. काळा चष्मा उजेडाचा त्रास कमी करतो, साथ रोखत नाही.

९/ जुलै २०२३ मध्ये आळंदीत शाळकरी मुलांमध्ये साथ पसरली, पुढे ती राज्यभर गेली. तेव्हाही मुले एकमेकांची नजर चुकवत होती आणि एकाच रुमालाला हात पुसत होती. आजीला मी सुश्रुतांची यादी वाचून दाखवली. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "म्हंजे फडकंच वंगाळ म्हणायचं!" दोन शतकांच्या वादाचे सार तिने चार शब्दांत सांगितले.

१०/ तुमच्या गावात या साथीला कोणते नाव होते? घरातील वडीलधाऱ्यांना १९७१ ची आठवण विचारा आणि येथे जरूर लिहा. असा इतिहास दफ्तरांत क्वचितच सापडतो.