देव माणूस झाला, हे पटावे कसे?

१८९३ साली नारायण वामन टिळक नोकरीच्या खटपटीत नागपूरहून राजनांदगावकडे निघाले. रेल्वेच्या डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटला. बोलणे काव्यावरून धर्मावर आले. उतरताना त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला आणि बजावले, हे वाचा, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. कोकणस्थ ब्राह्मण, संस्कृतचा व्यासंग, वक्तृत्वाचा लौकिक, अशा माणसाला हे भाकीत ऐकून हसूच यायला हवे होते.

हा गोरा गृहस्थ म्हणजे अमेरिकन मिशनरी अर्नेस्ट वॉर्ड, असे पुढे मानले गेले. त्याचे गणित मात्र चुकले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

टिळक नागपुरात आले ते १८९१ मध्ये. आप्पासाहेब बुटी या धनाढ्य सावकाराच्या आश्रयाने ते वैदिक वाङ्मयाच्या संपादनाचे काम करीत. शास्त्री-पंडितांत ऊठबस होती, वादविवाद होते. पण त्या पोथ्यांच्या ढिगाऱ्यात ते शोधत होते ते वेगळेच: जातिभेद मोडून देशाला एकत्र बांधील असा धर्म. म्हणून गाडीत मिळालेले पुस्तक त्यांनी आधी परीक्षकाच्या नजरेने उघडले. हाती पेन्सिल होती, शंका येईल तिथे खूण करायची होती. ‘डोंगरावरील प्रवचना’पर्यंत पोचल्यावर मात्र पुस्तक खाली ठेववेना.

यात एक बारकावा आहे. टिळकांना प्रथम भेटला तो शिकवण देणारा येशू, गालिलातला माणूस. तो देव आहे, ही पुढची पायरी होती, आणि ख्रिस्ती धर्मात सगळा भार त्याच पायरीवर आहे. यहुदी लोक ज्या मसीहाची वाट पाहत होते तो दाविदाच्या वंशातला, देवाने अभिषेक केलेला राजा होता. प्रत्यक्ष देवच मरीयेच्या पोटी जन्माला येईल, अशी सर्वसाधारण अपेक्षा नव्हती. चर्चलाही हा सिद्धांत नेमक्या शब्दांत मांडायला शतके लागली. इ.स. ३२५ मध्ये निकियाच्या परिषदेने पिता आणि पुत्र एकाच तत्त्वाचे आहेत असे ठरवले. ४५१ मध्ये खाल्किदोनच्या परिषदेने ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे असे सांगितले. एवढे होऊनही वाद मिटले नाहीत ते नाहीतच.

मराठी मुलखात अडचण निराळीच होती. दशावतार ऐकत वाढलेल्या माणसाला देव देह धारण करतो याचे नवल काय? नवल होते ते ‘एकदाच’ या शब्दाचे. शिवाय राम रावणाला मारतो, कृष्ण कंसाला मारतो. इथे तर देवच मारला जातो, तोही चोरांच्या मधोमध खांबाला खिळून. श्रोता मान डोलवायचा, येशूला देवांच्या मांदियाळीत आणखी एक जागा द्यायचा आणि घरी जायचा. नकारापेक्षा हा सहज होकारच प्रचारकांना जास्त जड गेला असावा.

गोव्यात इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्सने या अडचणीतून वाट काढली होती. १५७९ मध्ये तो गोव्यात उतरला आणि १६१६ मध्ये राशोल येथे त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापून निघाले. जवळजवळ अकरा हजार ओव्या! नव्याने बाटलेल्या लोकांच्या जुन्या पोथ्या गेल्या होत्या, आणि ग्रंथातला एक ब्राह्मण पाद्रीकडे तसेच पुराण मागतो. पाद्रीने दिलेही. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणायला तो कचरला नाही.

नागपुरात मिशनरी आला तो स्कॉटलंडचा. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे पोचला, तेव्हा गादीवर भोसले होते. त्याने शाळा काढली, रानोमाळ फिरून जीवाश्म गोळा केले, गोंडांच्या कथा टिपल्या. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ पूर आलेल्या नाल्यात तो बुडाला. १८८३ साली त्याच्या नावाने निघालेले कॉलेज नागपूरकरांना ठाऊक आहे. धर्मांतरितांची संख्या मात्र तुटपुंजी राहिली. शाळेत मुले आली, पण इंग्रजी शिकायला.

ख्रिस्त देव आहे, या सिद्धांताशी सर्वांत कसोशीने झगडली ती मात्र पंडिता रमाबाई. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे तिने बाप्तिस्मा घेतला, पण बुद्धी गहाण ठेवली नाही. अनेक देव सोडून एका देवाकडे आलेल्या बाईला ‘त्रैक्य’, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे पटेना. ख्रिस्त मसीहा आहे हे मान्य, पण तोच परमेश्वर कसा? वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी तिचा पत्रव्यवहार चालला. सिस्टरांना हवी होती आज्ञाधारकता; रमाबाईला हवी होती शास्त्राधारे उत्तरे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे, असे तिला जाणवले आणि मग तिची श्रद्धा स्थिरावली. ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या इतिहासात या पत्रव्यवहाराला मानाची जागा मिळायला हवी. आजवर तो रमाबाईच्या चरित्रातले एक प्रकरण म्हणूनच वाचला गेला.

टिळकांनी वादाचा मार्ग घेतलाच नाही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. ज्या परंपरेत पंढरीचा विठोबा ‘विठाई’ होतो, तिथे देव आणि माणूस यांच्यातले अंतर आधीच मिटलेले असते. टिळकांच्या अभंगांत ख्रिस्त म्हणूनच गुरू आहे, सखा आहे, माउली आहे. निकियाच्या परिषदेत ज्यावर बिशप हमरीतुमरीवर आले, ते इथे टाळ-मृदंगावर म्हटले जाऊ लागले. मराठी चर्चच्या गीतसंग्रहात आजही टिळकांच्या रचनांचा वाटा मोठा आहे.

या श्रद्धेची घरात किंमतही मोजावी लागली. पतीच्या धर्मांतराच्या बातमीने लक्ष्मीबाई कोसळल्या. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. १९०० साली त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, पण कुणी ओढून नेले म्हणून नव्हे. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचलेल्यांना हे सांगायला नको. टिळकांनी ख्रिस्ताच्या जीवनावर ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभले. १९१९ मध्ये ते वारले तेव्हा जेमतेम दहा अध्याय झाले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे साठांहून अधिक अध्याय लिहिले, आणि त्यांच्या निधनानंतर, १९३८ मध्ये, ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांच्या या कामाची मराठी समीक्षेने पुरेशी दखल घेतलेली नाही. ‘स्मृतिचित्रे’ची विनोदी लेखिका सगळ्यांना हवी असते, ओवीकार लक्ष्मीबाई फारशा कुणाला हव्या नसतात.

श्रद्धा एक असली तरी पंथ अनेक होते. हिस्लॉपचे स्कॉटिश प्रेस्बिटेरियन आणि टिळक ज्यांच्यात काम करीत होते ते अमेरिकन मिशनचे मंडळ, यांचे कारभाराचे रीतिरिवाज भिन्न होते. १९२४ मध्ये अशी मंडळे ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’त एकत्र आली. मग २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या सदर भागातील ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा पंथांनी मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना केली. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा द्यायचा की जाणत्या माणसालाच, यावर त्यांचे एकमत नव्हते; म्हणून दोन्ही प्रथा चालू ठेवल्या. ख्रिस्त देव आणि मनुष्य आहे, या कलमावर मात्र तडजोड नव्हती. निकियाचा विश्वासांगीकार नव्या चर्चने जसाच्या तसा स्वीकारला.