संगणकीय प्रश्नांची प्रतवारी

एखादा प्रश्न संगणकाला सुटतो, एवढे म्हणून भागत नाही. तो सोडवण्यास किती वेळ आणि किती स्मृती लागते, हेही पाहावे लागते. या दोन साधनांच्या गरजेनुसार प्रश्नांची प्रतवारी लावणारी संगणकशास्त्राची शाखा म्हणजे जटिलता सिद्धांत. ज्युरिस हार्टमानिस आणि रिचर्ड स्टर्न्स यांच्या १९६५ मधील शोधनिबंधाने तिचा पाया घातला. वरवर केवळ तात्त्विक वाटणाऱ्या या प्रतवारीवर आज इंटरनेटवरील आर्थिक व्यवहारांची सुरक्षितता विसंबून आहे.

यंत्र बदलले की लागणारे सेकंद बदलतात. म्हणून या शास्त्रात सेकंद मोजत नाहीत. प्रश्नाचा आकार वाढला की काम कसे वाढते, ते मोजतात. शाळेत शिकवलेल्या रीतीने गुणाकार करताना दोन्ही संख्यांतील अंक दुप्पट झाले, तर काम सुमारे चौपट होते. १०० अंकी दोन संख्यांसाठी एकेका अंकाचे १० हजार गुणाकार पुरतात. उलट, एखाद्या संख्येचे अवयव एकेका संख्येने भागून शोधू गेल्यास तिच्या वर्गमुळापर्यंत जावे लागते. त्यामुळे संख्येत दोनच अंक वाढले, तरी काम दहापट होते. २०० अंकी संख्येसाठी एकावर १०० शून्ये इतक्या भागाकारांची वेळ येऊ शकते. विश्वाचे सारे आयुष्यही त्यास पुरणार नाही.

ज्या प्रश्नांतील काम आकाराचा वर्ग, घन अशा एखाद्या ठरावीक घाताच्या मर्यादेत राहते, ते ‘पी’ या गटात मोडतात. ज्यांचे उत्तर कुणी हाती दिल्यास ते तपासण्याचे काम तशाच मर्यादेत होते, त्यांचा गट ‘एनपी’. पी गटातील सर्व प्रश्न एनपीमध्ये येतातच. स्मृतीच्या निकषावर ठरणारा ‘पीस्पेस’ हा गट या दोहोंना सामावून घेतो. कारण स्मृतीतील जागा पुसून पुन्हा वापरता येते, खर्च झालेला वेळ मात्र परत मिळत नाही.

एनपीमधील कोणताही प्रश्न ज्याच्या रूपात मांडता येतो, असा प्रश्न स्टीफन कुक यांनी १९७१ मध्ये दाखवून दिला. सोव्हिएत संघात लिओनिद लेव्हिन हेही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाप्रत पोहोचले होते. १९७२ मध्ये रिचर्ड कार्प यांनी असे २१ प्रश्न मांडले. त्यांतील एकाची जरी वेगवान रीत सापडली, तरी एनपीतील सारे प्रश्न पीमध्ये येतील. हे शक्य आहे की नाही, हे सिद्ध करणाऱ्यास क्ले गणित संस्थेने २००० मध्ये १० लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर केले. ते अद्याप कुणाला मिळालेले नाही.

एखाद्या प्रश्नाची प्रत नव्या शोधाने बदलू शकते. दिलेली संख्या मूळ आहे की नाही, हे ठरवण्याच्या वेगवान रीती पूर्वीही होत्या. परंतु त्या संभाव्यतेवर किंवा सिद्ध न झालेल्या गृहीतकांवर आधारलेल्या होत्या. ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतील प्रा. मणिंद्र अग्रवाल आणि त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी हा प्रश्न निःसंशय पी गटात असल्याचे सिद्ध केले. या कार्यास २००६ मध्ये गोडेल पारितोषिक लाभले.

मात्र संख्या मूळ नाही हे कळणे वेगळे आणि तिचे अवयव सापडणे वेगळे. रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन यांची १९७७ मधील आरएसए ही सांकेतिक पद्धत याच फरकावर उभी आहे. तिच्या आव्हानांपैकी एका २५० अंकी संख्येचे अवयव २०२० मध्ये शोधण्यात आले. एकाच प्रक्रियकावर त्यासाठी सुमारे २,७०० वर्षे लागली असती. हजारो प्रक्रियक एकत्र जुंपल्याने ते काही महिन्यांत साधले. व्यवहारात आता ६१७ अंकी संख्या सर्रास वापरल्या जातात.

अवयव पाडणे पी गटात नाही, असेही कुणी सिद्ध केलेले नाही. पुरेसा मोठा क्वांटम संगणक ते वेगाने करू शकेल, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवले आहे. असा संगणक अद्याप तयार नसला, तरी त्याला पुरून उरतील अशा सांकेतिक पद्धतींची पहिली मानके अमेरिकेच्या ‘निस्ट’ या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध केली. त्याही अवघड मानल्या गेलेल्या प्रश्नांवरच आधारलेल्या आहेत; ते अवघडच राहतील, याची सिद्धता मात्र अजून कुणापाशी नाही.