सहा महिन्यांचा नियम आला कुठून?

‘पिल्लू सहा महिन्यांचं होईपर्यंत ट्रेनिंग सुरू करू नका.’ विसाव्या शतकात अमेरिकेत कुत्रा पाळणाऱ्यांना हा सल्ला सर्रास दिला जायचा. ऐकताना तो निसर्गाचा नियमच वाटतो. म्हणजे काय, तर लहान पिल्लाला ‘बस’, ‘थांब’, ‘ये’ शिकण्याची कुवतच नसते. आज या सल्ल्याकडे आपण ऐतिहासिक पुरावा म्हणून बघू.

कवायतीतून घरात

कॉनराड मोस्ट हे जर्मनीतले पोलीस अधिकारी. कुत्र्यांच्या ट्रेनिंगवरचं त्यांचं पुस्तक १९१० साली आलं. पुढे पहिल्या महायुद्धात त्यांनी सैन्यासाठीही हेच काम केलं. त्यांची पद्धत थोडक्यात अशी: हवी ती कृती झाली की बक्षीस, नको ती झाली की शिक्षा, आणि दोन्ही अगदी त्याच क्षणी.

हे सगळं घरच्या कुत्र्यापर्यंत कसं पोचलं? इथे हेलन व्हाइटहाउस वॉकर येतात. त्या पूडल पाळायच्या. पूडल म्हणजे नुसता नटवलेला, शोभेचा कुत्रा, हा समज त्यांना खोडून काढायचा होता. इंग्लंडमधल्या परीक्षांचा नमुना घेऊन त्यांनी ऑक्टोबर १९३३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या माउंट किस्को इथे आज्ञापालनाची स्पर्धा भरवली. कुत्रे आले फक्त आठ! पण १९३६ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने या स्पर्धांना मान्यता दिली. १९३७ मध्ये वॉकर आणि ब्लांश सॉन्डर्स तीन पूडल घेऊन, गाडीला ट्रेलर जोडून, सुमारे दहा हजार मैल फिरल्या आणि ठिकठिकाणी प्रात्यक्षिकं दिली.

या प्रवासात आज्ञांबरोबर साधनही घरात आलं: ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी. आता दोन गोष्टी शेजारी ठेवा. ट्रेनिंग म्हणजे साखळीचा झटका, आणि पिल्लाची मान कोवळी. मग ‘अजून लहान आहे, थांबा’ हा सल्ला आपोआपच येतो.

दुसरं स्पष्टीकरण तपासा

कुणी म्हणेल, हा आकडा डॉग शोमधून आला असेल, कारण तिथेही किमान वय सहा महिनेच असतं. शंका रास्त आहे. ती तपासायची कशी? साधन बदललं तेव्हा काय झालं, ते बघायचं.

१९५१ मध्ये बी. एफ. स्किनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये एक लेख लिहिला. दाबलं की ‘टिक्’ वाजणारं खेळणं घ्या, आवाजापाठोपाठ खाऊ द्या, आणि त्या आवाजाने योग्य कृती नेमकी टिपा, अशी त्यांची कल्पना. १९६५ मध्ये स्कॉट आणि फुलर यांच्या ग्रंथाने दाखवलं, की कुत्र्याच्या सामाजिक जडणघडणीत साधारण तिसरा ते बारावा आठवडा फार महत्त्वाचा असतो. म्हणजे ज्या काळात मालकाला ‘थांबा’ सांगितलं जात होतं, तोच काळ! १९८० च्या दशकात इयन डनबार यांनी खाऊ वापरून, पट्टा सोडून, पिल्लांचे वर्ग चालवले. वर्गात येण्याचं वय खाली आलं. स्पर्धेतलं किमान वय मात्र आजही सहा महिनेच आहे.

इथे उत्तर दिसतं. सल्ला शोच्या नियमाला बांधलेला असता, तर तो जागेवरच राहिला असता. तो साधनाबरोबर हलला. कुत्र्याची कुवत काही बदलली नव्हती, बदलला होता तो माणसाचा हात.

तुमच्या कामासाठी

यातून ‘जुनं क्रूर, नवं दयाळू’ अशी सरळ गोष्ट बनवू नका. बक्षीस आणि अचूक वेळ मोस्टच्या पुस्तकातही आहे, आणि आवळणाऱ्या साखळ्या आजही विकल्या जातात. शिवाय मार्गदर्शक पुस्तक काय करावं ते सांगतं. घराघरांत लोक प्रत्यक्ष काय करत होते, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी स्पर्धांच्या नियमावल्या, जाहिराती, जुने फोटो असे इतर पुरावे लागतात.

मात्र एक सवय लावून घ्या. ‘याला हे जमत नाही’ असं वाक्य एखाद्या साधनात दिसलं, मग ते कुत्र्याबद्दल असो, लहान मुलाबद्दल किंवा एखाद्या समाजाबद्दल, तर लगेच विचारा: शिकवणाऱ्याच्या हातात तेव्हा काय होतं?