दोन मेंढ्या, एक बोकड आणि खरसुंडीची जत्रा

"पुढच्या आठवड्यात मी सुट्टीवर आहे, मुलीचा बोकड काउंटी फेअरला न्यायचाय," असं मी कॉलवर सांगितलं तेव्हा पुण्याच्या टीममधला एकजण दोन सेकंद गप्प बसला. मग म्हणाला, "सर, ऑडिओ कट झाला, काय नेताय?"

ऑडिओ ठीक होता. बोकडच न्यायचा होता.

ही २०२३ च्या जुलैमधली गोष्ट. आम्ही राहतो ओहायोत. या राज्यात ८८ काउंट्या आहेत, आणि उन्हाळा सुरू झाला की एकेक करून त्यांच्या जत्रा सुरू होतात. काउंटी फेअर म्हणजे आपली जत्राच हो. पाळणे, तळलेले पदार्थ, धूळ, हरवलेली पोरं, सगळं तेच. फरक एवढाच की मधे देऊळ नाही. देवळाच्या जागी गोठे आहेत. गाई, डुकरं, मेंढ्या, शेळ्या, कोंबड्या, ससे. आणि त्यांच्याशेजारी खुर्च्या टाकून बसलेली शाळकरी पोरं, ज्यांनी ती जनावरं स्वतः वाढवलेली असतात.

पहिली काही वर्षं आम्ही नुसतेच जायचो. लिंबू सरबत प्यायचं, डुकराची पिल्लं बघायची आणि परत. मग माझ्या धाकटीने एका शेळीवाल्या पोरीशी मैत्री केली आणि घरी येऊन जाहीर केलं की तिलाही करायचंय. वय वर्षं अकरा. आमच्या घरामागे वीस पावलांचं अंगण, आणि सोसायटीच्या नियमांत तर कपडे वाळत घालायलाही बंदी! पण ऑफिसात आमच्या टेस्टिंग टीममधल्या एकाचं शेत आहे. तो सकाळी पाचला गुरांचं करतो आणि नऊला आमच्या कोडमधले बग काढतो. तो म्हणाला, माझ्या गोठ्यात ठेवा. सकाळचा चारा मी घालतो, संध्याकाळी तुम्ही यायचं.

८ एप्रिलला बोकड आला. वजन ४७ पौंड, म्हणजे साधारण २१ किलो. तिने नाव ठेवलं मोदक. आजी फोनवर म्हणाली, "अगं, गणपती रागावेल." पण नाव पक्कं झालं होतं.

आता थोडा इतिहास. (कंटाळा आला तर खाली उडी मारा, मी रागावणार नाही.)

युरोपातल्या जुन्या जत्रा म्हणजे मुळात बाजार. माल आणा, विका, घरी जा. अमेरिकेतल्या या शेतकी जत्रेचं श्रेय बहुतेकदा एल्काना वॉटसन या गृहस्थाला देतात. जन्म १७५८. धंद्याने व्यापारी, बँकवाला, कालवे काढायचं वेड असलेला. म्हणजे शेतकरी अजिबात नाही! पन्नाशीला टेकताना त्याला शेती करायची हुक्की आली आणि त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफिल्ड गावात जमीन घेतली. (चाळीशीनंतर शेत घ्यायची स्वप्नं बघणारे आयटीवाले मला रोज भेटतात. दोनशे वर्षांत फारसं बदललेलं नाही.) १८०७ साली त्याने दोन मेरिनो मेंढ्या आणल्या आणि गावच्या चौकात एल्मच्या झाडाखाली बांधल्या. बस्स. तेवढंच प्रदर्शन. पण बघायला ही गर्दी झाली. बायकासुद्धा आल्या याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

मेंढ्यांना एवढं काय बघायचं? तर मेरिनोची लोकर अतिशय मऊ, आणि स्पेनने ती जात कित्येक शतकं देशाबाहेर जाऊ दिली नव्हती. त्याच १८०७ मध्ये अमेरिकेने परदेशी व्यापारावर बंदी घातली, ब्रिटिश लोकरी कापड येईना, देशी लोकरीला एकदम भाव आला. पुढे नेपोलियनने स्पेनवर स्वारी केली आणि तिथले कळप विकायला निघाले. लिस्बनमधला अमेरिकन वकील विल्यम जार्व्हिस याने १८०९ पासून पुढच्या काही वर्षांत सुमारे ४००० मेरिनो अमेरिकेला धाडल्या. लढाई तिकडे, कळप इकडे.

वॉटसनच्या डोक्यात चक्र फिरलं. दोन मेंढ्यांना एवढी गर्दी, तर गावातली सगळी चांगली जनावरं एका जागी आणली तर? १८११ मध्ये बर्कशायर काउंटीची शेतकी संस्था रीतसर स्थापन झाली आणि तिच्या प्रदर्शनात मिरवणूक, बँड, बक्षिसं असा थाट उडाला. त्याची खरी युक्ती मला वाटते ती अशी, की त्याने मान आणि भाव वेगळे केले. बाजारात जनावराची किंमत गिऱ्हाईक ठरवतं. इथे परीक्षक ठरवतो, आणि हरलेला शेतकरी शेजाऱ्याचा बैल का जिंकला हे डोळ्यांनी बघून घरी जातो. शेतकऱ्याला व्याख्यान देऊन तो सुधारत नाही, पण शेजाऱ्याच्या गळ्यात रिबीन बघितली की सुधारतो. आपण तरी दुसऱ्याचं कोड बघूनच शिकलो ना?

पुढची गोष्ट भरभर सांगतो. १८१९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने अशा काउंटी संस्थांना वर्षाला १०,००० डॉलर मंजूर केले. काही वर्षांत ते पैसे बंद झाले आणि बऱ्याच जत्रा आटल्या. १८४१ मध्ये सिरॅक्यूजला न्यूयॉर्कची राज्य जत्रा भरली आणि पुन्हा जोर आला. १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्याराज्यांत शेतकी कॉलेजं निघाली. (आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे ऑरेगन आणि वॉशिंग्टनमध्ये शिकले ते असल्याच कॉलेजांत.) पण कॉलेजात शोध लागायचे आणि बांधावरचा म्हातारा म्हणायचा, पुस्तकातली शेती पुस्तकातच ठेवा.

त्यावर तोड काढली आमच्या ओहायोने. क्लार्क काउंटीतल्या स्प्रिंगफिल्ड टाउनशिपच्या शाळांचा प्रमुख होता ए. बी. ग्रॅहॅम. १९०२ च्या जानेवारीत त्याने तीसेक मुलामुलींना गोळा केलं आणि मका, भाज्या, मातीची परीक्षा असले उद्योग त्यांच्या हाती दिले. बापाला पटत नाही ना, मग पोराला शिकवा. पोराच्या वाफ्यातला मका बापाच्या मक्यापेक्षा उंच झाला की बाप गुपचूप बियाणं विचारायला येतो. यातूनच पुढे फोर-एच नावाची चळवळ उभी राहिली. डोकं, हृदय, हात आणि आरोग्य यांचे इंग्रजीतले चार एच. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने तिला सरकारी आधार मिळाला. चार पानांचं हिरवं क्लोव्हर हे तिचं चिन्ह. तेच क्लोव्हर आता माझ्या मुलीच्या टी-शर्टावर होतं.

मोदक होता बोअर जातीचा. मूळ दक्षिण आफ्रिकेची ही मांसाची शेळी अमेरिकेत पोचली १९९३ मध्ये. आणि गंमत म्हणजे त्याच दशकात आमच्या सातारा जिल्ह्यातल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनेही या जातीचे गर्भ परदेशातून आणून तिथे बोअर शेळ्या वाढवल्या. म्हणजे मोदकाचे लांबचे भाऊबंद आमच्या गावाकडे आमच्याआधी पोचलेले!

पाळणं म्हणजे काय ते आम्ही शिकलो. खच्ची केलेल्या बोकडाला धान्य जास्त झालं की लघवीत खडे होतात आणि जनावर दोन दिवसांत जाऊ शकतं. म्हणून खुराकातलं कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण बघायचं, पाणी स्वच्छ ठेवायचं. धाकटी वहीत रोजचं लिहायची. किती खाल्लं, किती चालवलं, किती वाढला. २६ जुलैला काट्यावर भरला ८३ पौंड. १०९ दिवसांत ३६ पौंड. स्प्रेडशीट मी केली, पण शेण तिने काढलं, हे नोंदवून ठेवतो.

जूनमध्ये बाबा आले होते. निवृत्त शिक्षक. पहिल्याच दिवशी त्यांनी मोदकाचा ओठ वर करून दात बघितले, पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पुढं चांगलाय, पर मागं हलका हाय." घरी प्रमाण मराठी बोलणारे बाबा जनावराजवळ गेले की आपोआप माणदेशी बोलतात, हे मला तेव्हा कळलं.

एकदा त्यांना खुराकाच्या दुकानात नेलं. पोती वाचत वाचत ते एका जागी थांबले. पोत्यावर लिहिलं होतं मिलो. लाल ज्वारी. इथे जनावरांना आणि पाखरांना घालतात.

"हे आम्ही खाल्लंय," बाबा म्हणाले. "बहात्तर साली. रेशनवर मिळायची. अमेरिकेतनं आलेली."

एवढंच बोलले आणि पुढे गेले.

जत्रेत मोदकाचा वजनगटात पाचवा नंबर आला. परीक्षकाने माईकवर सांगितलं, खांदे आणि पाठ उत्तम, मागच्या मांड्या भरायला हव्या होत्या. बाबा माझ्याकडे बघून नुसते हसले. जनावर कसं सादर करता याची वेगळी स्पर्धा असते, त्यात धाकटी तिसरी आली. म्हणजे मंगळवारपर्यंत सगळं छान होतं.

प्रश्न होता गुरुवारचा. गुरुवारी लिलाव. लिलावात गेलेलं जनावर त्याच रात्री ट्रकमध्ये चढतं आणि परत येत नाही. हे तिला एप्रिलपासून माहीत होतं, तिने सहीसुद्धा केली होती. पण माहीत असणं वेगळं. आमच्या जत्रेत बुधवारी रात्रीपर्यंत नाव मागे घेता येतं. बुधवारी संध्याकाळी ती गोठ्यात मोदकाच्या शेजारी भुश्शात बसली आणि म्हणाली, नाही विकायचा.

मी काय सांगणार? आम्ही दर रविवारी मटण खाणारी माणसं. तत्त्व सांगायला माझ्याकडे तोंड नव्हतं. पैसे भरून त्याला कुठेतरी ठेवू, असं मी म्हणणारच होतो, तेवढ्यात बाबा तिच्याशेजारी खाली बसले. गुडघे दुखतात त्यांचे, तरी बसले.

आमचं गाव आटपाडी तालुक्यात. पूर्वी औंध संस्थानात होतं. खिलार बैलांचा मुलूख, माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'चा मुलूख. माझ्या आजोबांनी एक खोंड वाढवला होता. त्याचा एका जत्रेत नंबर आला होता आणि तेव्हा मिळालेला फेटा घरात अजून आहे, एवढं मला ठाऊक होतं. खोंडाचं पुढे काय झालं हे मी कधी विचारलंच नव्हतं.

झालं असं, की बहात्तरला पाऊस गेला. चारा संपला. घरातली मोठी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. १९७३ च्या जानेवारीत खरसुंडीच्या पौषी यात्रेला आजोबा खोंड घेऊन चालत निघाले, बरोबर चौदा वर्षांचे बाबा. बाजारात सगळे विकायलाच आलेले, घेणारा कोणी नाही. शेवटी एका दलालाने आजोबांचा हात टॉवेलखाली घेतला. आकडा बोटांनी सांगायची तिकडची पद्धत. "मला बोटं दिसत नव्हती," बाबा म्हणाले, "दादांचं तोंड दिसत होतं." आदल्या साली ज्याला बाराशे मागितले होते, तो साडेतीनशेला गेला. त्यातून ज्वारी आली आणि बाबांच्या हायस्कुलाच्या बोर्डिंगचे पैसे भरले गेले. म्हणजे बाबा शिक्षक झाले, मी इंजिनिअर झालो, आणि आज इथे बसून टाईप करतोय, त्याच्या मुळाशी तो खोंड आहे. हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी ओहायोच्या एका गोठ्यात कळलं.

"आजोबा, तुमचे दादा रडले का?" धाकटीने विचारलं.

"माहीत नाही. त्यांनी म्होरकी काढून घेतली आणि येताना सबंध वाट माझ्यापुढे चालले. मला तोंड दिसू दिलं नाही."

मग थोड्या वेळाने म्हणाले, "आमच्यावर वेळ होती, म्हणून विकला. तुझ्यावर तशी वेळ नाही. तू नाही म्हणालीस तरी चालेल. पण जे करशील ते तू ठरव, बापावर ढकलू नको."

तिने विकला.

लिलावात गावातल्या एका हार्डवेअर दुकानवाल्याने ६५० डॉलर बोलले. त्या दिवसाचा बाजारभाव पौंडाला ३ डॉलर धरला तर मोदकाची किंमत २४९. उरलेले ४०१ डॉलर म्हणजे गावाने एका पोरीच्या कष्टाला दिलेला मान. वॉटसनने मान आणि भाव वेगळे केले म्हणालो ना, ते इथे हिशेबात दिसतं. खरसुंडीच्या त्या बाजारात मान द्यायला कुणापाशी काही उरलं नव्हतं. भाव फक्त दुष्काळाने ठरवला. तिचा खर्च ४९०, नफा १६०. वहीत तिने तो लिहिला आणि खाली रेघ मारली.

रात्री ट्रकपाशी पोरांची रांग होती. दांडगी दांडगी शेतकऱ्यांची पोरं, टोप्या डोळ्यांवर ओढून उभी. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. धाकटीने मोदकाच्या गळ्यातली साखळी काढली आणि खिशात घातली. तसं करायला तिला कोणी सांगितलं नव्हतं. गाडीत मागे बाबा आणि ती शेजारी बसले होते. घरापर्यंत कोणी बोललं नाही.

यंदा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा वाटलं, नको म्हणेल. तिने भरला. पण या वेळी दुभती शेळी घेतलीय. दुभत्या जनावरांना लिलाव नसतो, जत्रा संपली की ती घरी येतात. तिने नियम आधी नीट वाचले होते.

असो. पाच वाजले, धार काढायला जायचंय. धार काढणं मलाही शिकावं लागतंय. फोनवर बाबा हसून सांगतात, की माझा हात अजून कीबोर्डचाच आहे.