कर्नलमधील 'लांबी' : एका गणनसंकेताचा इतिहास

अक्षरमालिकेची लांबी मोजताना अखेरचे शून्य-अक्षर धरावयाचे की वगळावयाचे, हा प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. लिनक्सच्या कर्नलमध्ये मात्र त्याची दोन उत्तरे शेजारी-शेजारी नांदत आली आहेत. ती कशी आली व त्यांपैकी काय दुरुस्त झाले, हे पाहणे उद्बोधक आहे.

बीसीपीएल भाषेत मालिकेची लांबी तिच्या आरंभीच नोंदलेली असे. केन टॉम्पसन यांनी बी भाषेत ती पद्धत सोडून अखेरची खूण पत्करली आणि डेनिस रिची यांच्या सी भाषेने तो वारसा पुढे चालविला. त्यामुळे लांबी ही दर वेळी शोधून काढावयाची गोष्ट झाली. सी भाषेतील 'स्ट्रलेन' हे फलन शून्य वगळून मोजते.

वापरकर्त्याच्या स्मृतीतील मालिका मोजणारे कर्नलचे 'स्ट्रएनलेन_युजर' शून्यासह मोजते. याला गाफीलपणा म्हणणे अन्यायाचे होईल. वापरकर्त्याने दिलेला पत्ता खोटा असू शकतो आणि तसे कळविण्यास काही खूण हवी. शून्य-अक्षर धरल्याने रिकाम्या मालिकेची लांबी १ भरते व ० हे उत्तर दोषासाठी मोकळे राहते. युक्ती चतुर खरी. परंतु त्याच घराण्यातील 'स्ट्रएनसीपीवाय_फ्रॉम_युजर' हे फलन शून्य वगळून लांबी सांगते व दोष ऋण संख्येने कळविते. तेथे ० म्हणजे रिकामी मालिका! शिवाय निरनिराळ्या प्रोसेसर-रचनांसाठी या फलनांच्या स्वतंत्र आवृत्त्या होत्या, हे वेगळेच.

२०१२ साली ही स्थिती पालटू लागली. डेव्हिड मिलर यांनी स्पार्कसाठीची नकल करणारी आवृत्ती सर्वांसाठी खुली केली, तर लिनस टोरवाल्ड्स यांनी मोजणीचे सर्वसामान्य फलन लिहिले. मोजणीतील भेद मात्र तसाच ठेवला गेला. प्रस्तुत लेखकाच्या मते हे योग्यच झाले. कारण जुन्या नावाचा अर्थ बदलला असता, तर त्यावर विसंबलेला प्रत्येक कार्यक्रम निमूटपणे एका अक्षराने चुकला असता.

याहून गंभीर दोष मोजण्याच्या कल्पनेतच होता. कर्नल लांबी मोजतो व मग नकल करतो. या दोहोंच्या मधल्या क्षणी त्याच प्रोग्रॅमचा दुसरा थ्रेड मालिका बदलू शकतो. म्हणूनच 'स्ट्रएनडप_युजर' हे फलन नकल झाल्यावर अखेरच्या स्थानी स्वतःच्या हाताने शून्य लिहिते. मर्यादा न घेता मोजणारे 'स्ट्रलेन_युजर' तर २०१७ मध्ये काढूनच टाकण्यात आले.

'स्ट्रएलसीपीवाय'ची कथा याच वळणाची आहे. १९९८ साली ओपनबीएसडीमध्ये जन्मलेले हे फलन नकल केलेल्या भागाची नव्हे, मूळ मालिकेची लांबी परत करी. त्यासाठी ते मर्यादेपलीकडेही वाचीत जाई. लिनक्समध्ये २०१५ साली 'स्ट्रएससीपीवाय' आले, जे मालिका न मावल्यास सरळ ऋण संख्या देते. जुन्या फलनाचे एकेक स्थान त्याला देता देता २०२४ उजाडले, आणि त्या वर्षीच्या ६.८ या आवृत्तीतून जुने नाव गेले. 'स्ट्रएनलेन_युजर' मात्र अजून आहे व शून्य धरूनच मोजते. ते शक्यतो वापरू नये, अशी सूचना त्याच्याच टिपणीत दिलेली आहे.